वर्सोव्याचे वाळवंट आणि मे महिन्यातले परळ



'वाळवंट' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सहारा किंवा थर उभे राहते. हा भूगोलाच्या पुस्तकाचा परिणाम. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. ते तुम्हाला पंढरपूरचे वाळवंट सांगतील. चंद्रभागेच्या काठची वाळू म्हणजे वाळवंट! म्हणजे मराठीत वाळवंट पाण्याला लागूनही असू शकते. मी राहतो त्या वर्सोव्याला पश्चिमेस समुद्र, उत्तरेस मालाडची खाडी, आणि मधे वाळूचा लांबलचक पट्टा. हे झाले पंढरपूरच्या अर्थाचे वाळवंट. पण चिमणीच्या दृष्टीने पाहिले तर वर्सोवा हे सहाराच्या अर्थानेही वाळवंटच आहे, आणि ते वर्षातले सात महिने! हे विधान तुम्हाला अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून आधी ते सिद्ध करतो. मग माझे म्हणणे मांडतो.

हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, होड्या लागत असतात, आणि कुरव त्यांच्याभोवती मजेत हिंडतात. कुरव समुद्राचे पाणी पितो तरी त्याचे काही बिघडत नाही. चिमणीने तेच पाणी प्यायले तर? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे क्षार बाहेर टाकण्यासाठी चिमणीच्या मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावे लागेल. म्हणजे पिऊन तहान वाढायची! कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत, क्षार वेगळे काढणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांतला खारट द्राव नाकपुड्यांतून वाहत चोचीच्या टोकाशी येतो आणि पक्षी मान झटकून तो टाकून देतो. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५७-५८ च्या सुमारास हे कोडे उलगडले. चिमणी, बुलबुल, दयाळ, शिंपी यांना ही सोय नाही. त्यांना गोडेच पाणी हवे.

आता गोडे पाणी वर्सोव्यात कोठे आहे, ते पाहू. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नोव्हेंबर ते मे आकाश कोरडे. पूर्वी अंगणात विहीर असे, गोठ्यात डोण असे, आळ्यांत पाणी सोडलेले असे. आता पाणी नळाच्या आत आणि टाकीच्या झाकणाखाली असते. आपण पाण्याची गळती थांबवली हे चांगलेच केले, पण त्या गळतीवर जगणारे कोणी होते हे आपल्याला ठाऊकच नव्हते. त्यात गच्च्यांची लादी, सिमेंटचे आवार, मोटारींचे तापलेले पत्रे. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर एकदा अनवाणी उभे राहून पाहा, म्हणजे वाळवंट म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय समजेल.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. तेव्हा एक छोटे गणित केल्यावाचून मला राहवणार नाही. चिमणीचे वजन सुमारे २५ ग्रॅम आणि शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. घाम येत नाही. ऊन वाढले की ते चोच उघडून धापा टाकतात, आणि तोंड-घशातल्या ओलाव्याची वाफ होताना शरीरातली उष्णता निघून जाते. एक ग्रॅम पाण्याची त्या तापमानाला वाफ होण्यास सुमारे ५७५ कॅलरी लागतात. ही सुप्त उष्णता. तुमच्या आजच्या पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. एका थेंबाचे वजन एक विसांश ग्रॅम धरू. म्हणजे एक थेंब जवळजवळ २९ कॅलरी घेऊन जातो. शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरली तर चिमणीचे सर्व अंग एका अंशाने निववायला सुमारे २१ कॅलरी काढाव्या लागतात. भागाकार करा: एका थेंबाने चिमणीचे अंग जवळजवळ १.४ अंश निवते! आपल्याला एका थेंबाची किंमत कळत नाही, कारण आपले वजन चिमणीच्या दोन हजार पट आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्सोव्याची हवा दमट. दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, म्हणून धापांचा उपयोगही कमी होतो. अशा वेळी पक्ष्याला सावली लागते आणि अंग भिजवायला पाणी लागते.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही काही वर्षांपूर्वी मी पक्ष्यांसाठी पहिली गोष्ट केली ती चुकीचीच. खिडकीच्या कट्ट्यावर रोज मूठभर बाजरी आणि तांदळाच्या कण्या टाकू लागलो. चिमण्या येतील अशी आशा होती. चार दिवस चिमण्या आल्याही. मग पारवे आले. पंधरवड्यात कट्टा पारव्यांचा झाला आणि चिमण्या दिसेनाशा झाल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास. त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर विष्ठा आणि घरात पिसांचा भुगा. त्यांनी भांडण केले नाही. एकदा जिन्यात भेटल्यावर एवढेच म्हणाल्या, "सर, तुमचं पुण्य माझ्या छातीत बसतंय हो." मी त्याच दिवशी दाणे बंद केले.

यातले विज्ञान सोपे आहे. पारवा हा मूळचा कडेकपारींत राहणारा पक्षी. आपण बारा-पंधरा मजल्यांचे कडे बांधले, वातानुकूलन यंत्रांमागे कपारी ठेवल्या, आणि वर धान्य टाकले. मग त्यांची संख्या वाढेल नाही तर काय! त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, असे श्वसनविकारतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे वादळ उठले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या वादात श्रद्धेचे प्रश्नही होते आणि ते हसण्यावारी नेण्याचे मला कारण दिसत नाही. मी फक्त एवढेच म्हणेन की, ज्याची टंचाई नाही ती वस्तू पक्ष्यांना देणे हे संरक्षण नव्हे. ज्याची टंचाई आहे ते शोधून काढावे लागते. वर्सोव्यात टंचाई आहे गोड्या पाण्याची, सावलीची आणि किड्यांची.

होय, किड्यांची! दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते. म्हणून पक्ष्यांच्या बागेचा पहिला नियम असा की तिथे कीटकनाशक फवारायचे नाही. कढीपत्त्याची आणि लिंबाची पाने अळ्यांनी कुरतडली की आमच्याकडे पूर्वी हळहळ होई. आता मी घरात सांगतो की ते शिंप्याचे दुकान आहे. तो इवलासा शिंपी पक्षी दिवसातून दोनदा येऊन कुंडीतले गिऱ्हाईक तपासून जातो. (कढीपत्त्याची पाने फोडणीला थोडी कमी मिळतात, एवढाच तोटा.)

बाग म्हणजे एकराची हवी असे नाही. उन्हाची गॅलरी, गच्चीचा एक कोपरा किंवा शाळेच्या भिंतीलगतची दोन हात जागा पुरते. मात्र रोपे निवडताना फसू नका. सध्या पांढरे गोटे, रंगीत वाळू आणि टेनिसच्या चेंडूएवढे काटेरी निवडुंग मांडून 'वाळवंटी बाग' करण्याची फॅशन आली आहे. दिसायला सुरेख. पाणी कमी लागते हेही खरे. पण तिथे पक्षी येत नाही. अमेरिकेतल्या सोनोराच्या वाळवंटात सग्वारो नावाचा प्रचंड निवडुंग असतो. त्याच्या खोडात तिथला सुतार पक्षी ढोली कोरतो, आणि तो सोडून गेला की त्याच ढोलीत अगदी छोटे घुबड राहायला येते. तिथे तो निवडुंग म्हणजे एक चाळच आहे. त्याचाच भाऊबंद पेल्याएवढ्या कुंडीत घालून अंधेरीच्या खिडकीत ठेवला तर त्याला ओळखणारे इथे कोण? झाड आणि पक्षी यांची ओळख हजारो वर्षांची असावी लागते.

आमच्याकडे कुंडीत सहज जगणारी आणि पक्ष्यांनी ओळखलेली झाडे म्हणजे अडुळसा, बकोरा, जास्वंद, कढीपत्ता. कोरफडीला फुलांचा दांडा आला की शिंजीर हजर होतो. मोठ्या पिंपात तुती लावली तर बुलबुलांची चंगळ. जमीन असेल तर पांगारा, करंज, उंबर लावा. खाऱ्या वाऱ्याला भेंड आणि उंडी चांगली टिकतात. वाळूवर मर्यादवेल आपोआप पसरते, तिला 'तण' म्हणून उपटू नका. वाळू धरून ठेवते ती तीच. सोलापूर, जत, माण या कोरड्या भागांतल्या वाचकांनी तर आमच्या यादीकडे पाहूही नये. बोर, बाभूळ, हिवर, शमी आणि नेपती ही तुमची घरचीच मंडळी आहेत. शमी म्हणजे राजस्थानातली खेजडी. तिच्यासाठी १७३० मध्ये खेजडली गावी बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. तुमच्याकडे ती दसऱ्याला पुजली जाते आणि एरवी बांधावर सरपणाला तोडली जाते, हे जरा विचित्रच आहे.

कुंडीतल्या मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे जाड थर द्या. माती झाकली की बाष्पीभवन कमी होते, आणि त्या पानांत किडे राहतात. दयाळ पाने उलटीपालटी करून पसारा करील, करू द्या.

आता पाण्याचे भांडे. ते कुंभाराकडचे मातीचे पसरट परळ असावे. स्टीलचे नको, धातू उष्णतेचा सुवाहक, शिवाय गुळगुळीत, पक्ष्याचे पाय घसरतात. मातीच्या परळातून पाणी बाहेर झिरपून त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते, हे माठाचे तत्त्व तुम्हाला माहीत आहेच. पाणी चार-पाच सेंटिमीटरहून खोल असू नये. मधे एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे उथळ काठ मिळतो आणि चुकून पडलेली मधमाशीही बाहेर येते. परळ सावलीत, पण झुडपाला अगदी चिकटून नको; मांजराला दबा धरायला जागा राहते. सावलीत आणि उन्हात एकाच मापाची दोन परळे ठेवून संध्याकाळी पट्टीने पाणी मोजा, म्हणजे सावलीची किंमत मिलिमीटरमध्ये समजेल.

डासांचे काय, असा प्रश्न तुमच्या आईने विचारला तर तो अगदी रास्त आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून नुसते पाणी वाढवत राहणे उपयोगाचे नाही. रोज पाणी ओतून टाकावे, काथ्याने कडा घासाव्या आणि नवे पाणी भरावे. दोन मिनिटांचे काम. पण ते रोजचे आहे, आणि येथेच माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

त्याआधी खिडकीविषयी थोडेसे. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून येणाऱ्या प्रकाशाचा फक्त सुमारे ४ टक्के भाग परावर्तित करतो. पण खोलीत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन असले की तेवढ्या परावर्तनातही काचेत आकाश दिसू लागते. पक्षी त्या आकाशात शिरायला जातो आणि मान मोडून पडतो. रंगीत, चकाकत्या काचा तर याहून वाईट. काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावले तर पक्ष्याला तिथे भिंत आहे हे कळते. एकच घारीचे चित्र चिकटवून काही होत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो.

आता रोजच्या कामाविषयी. वर्सोव्याचा किनारा एके काळी गुडघाभर प्लास्टिकखाली होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचे एक वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी असे दोघे जण तो कचरा उचलू लागले. पुढे शेकडो लोक आले, कोळी बांधव आले, शाळा-महाविद्यालये आली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली. कित्येक वर्षांत असे घडले नव्हते. हे सारे तुम्ही कदाचित ऐकले असेल. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ते लोक दर आठवड्याला येत राहिले. भरतीबरोबर कचरा पुन्हा येई आणि ते पुन्हा येत.

मीही एका रविवारी गेलो होतो. हातमोजे घातले, तीन तास चिंध्या आणि पिशव्या ओढून काढल्या, छायाचित्र काढून घेतले, पाठ दुखली म्हणून पुढचा रविवार घरी काढला; आणि त्यापुढचा रविवार आला तो गेला. महिनाभराने वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुम्ही परत आला नाहीत?" तो स्वतः दर आठवड्याला जात होता आणि मला ते ठाऊकही नव्हते. मी काहीतरी पेपर तपासण्याचे कारण सांगितले.

शाळांचेही पुष्कळदा माझ्यासारखेच होते. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून या तारखा. निवड योग्यच आहे. पण नोव्हेंबरात नुकताच पाऊस संपलेला असतो, डबकी असतात, किडे मुबलक असतात. त्या आठवड्यात आपण परळे वाटतो, घोषवाक्ये लिहितो. २० मार्चला चिमणी दिन येतो तेव्हा परीक्षेची धावपळ. आणि एप्रिल-मेमध्ये, खरी होरपळ सुरू होते तेव्हा, शाळेला कुलूप! एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो तेव्हा गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडलेली परळे पाहिली. एकात कावळ्याचे पीस, एकात खडूचे तुकडे, बाकी कोरडी. पक्ष्यांना एकदा पाण्याची जागा माहीत झाली की ते तिथेच येतात. ती जागा ऐन मेमध्ये कोरडी ठेवणे हे भांडे मुळीच न ठेवण्याहून वाईट आहे, असे माझे मत झाले आहे. शिक्षक मित्रांना ते कटू वाटेल. पण परळ मांडण्याआधी सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता तयार करावा, आणि तक्ता भरत नसेल तर परळ मांडू नये.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कामाला वन्यजीव संरक्षण कशाला म्हणायचे? त्यांनी मुंबईचाच इतिहास पाहावा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये याच शहरातल्या आठ हौशी रहिवाशांनी सुरू केली. सालिम अली लहानपणी एक अनोळखी, पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिची ओळख विचारायला तिथेच गेले होते. आजही देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्यांतले बहुतेक हौशीच. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. निदान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसले ते पक्षी मोजायचे. तुम्हाला फक्त कावळा, घार आणि पारवा दिसला तर तेही लिहायचे. दुर्मिळ पक्षी शोधण्याच्या नादात मुले साध्या पक्ष्यांची नोंदच करत नाहीत. चिमणी देशभर एकंदरीत टिकून आहे पण मोठ्या शहरांत कमी झाली, हे कळले ते कोणीतरी चिमण्याच मोजत राहिले म्हणून.

आमच्या इमारतीत आठवीतली एक मुलगी राहते. ती माझ्या परळावर येणाऱ्या पक्ष्यांची वही ठेवते, कारण तिच्या खिडकीतून ते माझ्यापेक्षा स्पष्ट दिसते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बारा दिवस कोकणात गेलो. परत आल्यावर तिने वही दाखवली. चौथ्या दिवसाची नोंद होती: "पाणी संपले. बुलबुल काठावर बसून गेला." पाचव्या दिवशी: "बुलबुल दोनदा आला. धापा टाकत होता." सातव्यानंतर बुलबुलाची नोंदच नव्हती. मी म्हटले, "अगं, वॉचमनला सांगून पाणी घालायचंस ना!" ती म्हणाली, "काका, गच्चीची किल्ली तुमच्याकडे होती."

त्या वर्षापासून किल्ली जिन्यातल्या खिळ्याला असते. पाळ्यांचा तक्ता तिनेच आखला: पाच घरे, सोमवार ते शुक्रवार, शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींचा नातू, रविवारी वॉचमन. माझा वार बुधवार. कोणी गावाला जाणार असेल तर त्याने आदल्या रात्री तक्त्यावर आपले नाव खोडून दुसऱ्याचे लिहायचे, आणि त्या दुसऱ्याची सही घ्यायची. गेल्या मेमध्ये तक्त्यावर सात ठिकाणी खाडाखोड आहे आणि सातही ठिकाणी सही आहे.